मल्खाचा कान

ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्या, आणि ते नाव केवळ रविवारच्या उपासनेपुरते न घेणाऱ्या मनुष्याने फौजेत नोकरी धरावी किंवा कसे, आणि धरलीच तर वैऱ्यावरही प्रीती करण्याच्या त्या दुर्घट आज्ञेचे रणभूमीवर काय करावे, हा प्रश्न इतरत्र धर्मशास्त्राच्या अभ्यासकांचा असेल. नाशकात तो घराघरातला आहे. देवळालीला तोफखान्याची शाळा आणि नाशिकरोडला तोफखान्याचे केंद्र असल्यामुळे त्या बाजूच्या ख्रिस्ती कुटुंबांत सकाळची प्रार्थना कधीकधी सरावाच्या गोळाबारीच्या आवाजातच म्हटली जाते, आणि मुलांना त्या दोहोंत काही विसंगती आहे हे बरेच मोठे झाल्यावर, बहुधा कोणीतरी सांगितल्यावरच, कळते.

आम्हा शरणपूरच्या लोकांना तर तोफांविषयी सरसकट तिरस्काराने बोलण्याचा अधिकारच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने नाशकाबाहेर ही वस्ती वसवली, तिच्यात ज्यांना आश्रय मिळाला त्यांत गुलामांच्या गलबतांतून सोडवून आणलेली आफ्रिकी मुले होती. त्यांतला जेकब वेनराइट पुढे डॉ. लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला आणि 1874 साली वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीस हजर राहिला. ती गलबते कोणा उपदेशकाच्या प्रवचनाने थांबली नव्हती. ती इंग्रजी आरमाराच्या जंगी जहाजांनी अडवली होती. त्या आरमाराने इतरत्र कोणाच्या मुलखावर काय केले याची कैफियत निराळी, आणि ती लांबलचक आहे. पण आमच्या वस्तीच्या आरंभाच्या दप्तरात तोफेचे उपकारही नोंदलेले आहेत, हे मला नाकारता येत नाही.

पवित्र शास्त्र उघडावे तर तेथे या बाबतीत एक चमत्कारिक मौन आढळते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले आणि आम्ही काय करावे असे त्यांनी विचारले, तेव्हा जुलूम करून पैसा उकळू नका, कोणावर कुभांड रचू नका, आपल्या पगारात समाधान माना, एवढेच त्याने सांगितले. तलवार टाका असे सांगितले नाही. कफर्णहूमच्या शताधिपतीचा विश्वास पाहून प्रभू येशूला आश्चर्य वाटले, आणि त्या शताधिपतीने आपला विश्वास समजावून दिला तो तर चक्क हुकुमाच्या आणि ताबेदारीच्या भाषेत. कैसरियातला कर्नेल्य बाप्तिस्मा घेतल्यावर नोकरीवर राहिला की नाही, याविषयी प्रेषितांची कृत्ये एक अक्षरही बोलत नाहीत. हे मौन म्हणजे परवानगी, असे सैनिक म्हणतात. ते मौन म्हणजे केवळ मौन, असे शांततावादी म्हणतात. आणि दोघेही आपापल्या पक्षाला अनुकूल तेवढेच वाचतात. चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधीवरचा ऑगस्टीन मला या बाबतीत अधिक प्रामाणिक वाटतो. आफ्रिकेतल्या रोमन फौजेचा सेनानी बोनिफास पत्नीच्या मृत्यूनंतर सर्वसंगपरित्याग करू पाहत होता, त्याला ऑगस्टीनने परावृत्त केले, आणि त्यास लिहिलेल्या पत्रात युद्ध ही गरज म्हणून पत्करावी, इच्छा मात्र शांतीचीच असावी, असा उपदेश केला. रथात धनुष्य टाकून बसलेला एक योद्धा आणि त्याला उठवणारा सारथी आपल्याकडे घरोघर ठाऊक असल्यामुळे मराठी ख्रिस्ती वाचकाला या प्रसंगाची ओळख पटायला वेळ लागत नाही.

परंतु मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो याच मुलखाच्या वाटेवरचा दुसरा एक संवाद. पंचवटीस येण्यापूर्वी, दंडकारण्यात शिरताना, सीता रामाला शस्त्र बाळगण्याविषयी सावध करते, असा प्रसंग वाल्मीकींच्या अरण्यकांडात आहे. एका तपस्व्याकडे इंद्राने खड्ग ठेव म्हणून ठेवले. ठेव सांभाळायची म्हणून तो ते सदैव जवळ बाळगू लागला, आणि नुसत्या सान्निध्याने त्याची बुद्धी क्रूर होत होत शेवटी तो नरकाचा धनी झाला, अशी कथा ती सांगते. रामाचे उत्तरही तोलामोलाचे आहे: आर्तांचा आक्रोश उठू नये म्हणूनच क्षत्रियाने धनुष्य धरायचे, आणि ऋषींना तर अभयवचन दिलेले आहे. राम वचनाला जागला. पण सीतेचा आक्षेप खोडून निघाला असे मला कधी वाटले नाही. तो केवळ बाजूस ठेवला गेला. आमच्या देवळांत ‘ख्रिस्ती सैनिकाचे कर्तव्य’ या विषयावर जी प्रवचने होतात, त्यांत रामाचे उत्तर दर वेळी असते, सीतेचा प्रश्न नसतो.

आमच्या मंडळीत तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणतो. 1971 च्या युद्धात ते पूर्व आघाडीवर पंचवीस पौंडी तोफेवर होते. त्या तोफेचा पल्ला सुमारे बारा किलोमीटर. म्हणजे गोळा पडतो ते ठिकाण तोफेवरच्या माणसाला दिसतच नाही. पुढे बसलेला निरीक्षण अधिकारी पाहतो, वायरलेसवरून अंतर आणि कोन यांचे आकडे येतात, नेम बसवला जातो, हुकूम होतो. “आम्हाला आकडे ऐकू यायचे, माणसं नाही,” काका एकदा म्हणाले. “एकदा मागून निरोप आला, शाब्बास, निशाणा बरोबर. आम्ही चहा घेतला. कुणाला लागलं, किती जणांना लागलं, ते देवाला ठाऊक. आणि देवाला ठाऊक आहे हीच तर पंचाईत आहे, बाळा.”

ख्रिस्ती माणूस देशासाठी लढतो काय, असा प्रश्न कोणी विचारला म्हणजे आमच्यातले काहीजण लगबगीने यादी वाचू लागतात: गंगासागरच्या लढाईत पडलेले परमवीरचक्र विजेते अल्बर्ट एक्का, स्वतःच्या खुकरीने स्वतःचा निकामी पाय तोडणारे इयान कार्डोझो, 1990 ते 1993 या काळात भूदलाचे प्रमुख असलेले आणि मूळचे तोफखान्यातलेच जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज. यादी खरी आहे, अभिमानास्पद आहे. पण ती अशी दाखल्यासारखी खिशात बाळगावी लागावी, याचा मला मनस्वी संताप येतो. आणि त्या यादीने काकांच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही ते नाहीच.

श्रद्धा आणि फौज यांच्या संघर्षाची अलीकडे जी चर्चा झाली ती भलत्याच मुद्द्यावर. आपल्या पलटणीच्या देवळाच्या आणि गुरुद्वाराच्या गाभाऱ्यात जाण्यास नकार देणारा एक ख्रिस्ती लेफ्टनंट 2021 साली बडतर्फ झाला, आणि 2025 साली आधी दिल्ली उच्च न्यायालयाने व पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या बडतर्फीत हात घालण्याचे नाकारले. वाद नवा नाही. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या टर्टुलियनने एक आख्खे प्रकरण लिहिले ते समारंभात डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट घालण्यास नकार देऊन कैदेत पडलेल्या रोमन शिपायावर. मात्र टर्टुलियन मुकुटावर थांबला नाही. गेथशेमाने बागेत पेत्राला तलवार म्यान करायला लावून प्रभूने सर्वच सैनिकांचे कमरबंद सोडवले, इतक्या टोकाला तो गेला. त्याचे टोक मी स्वीकारीत नाही, पण निदान मूळ प्रश्न कोणता हे त्याला कळले होते. दसऱ्याला तोफेला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घालतात तेव्हा ख्रिस्ती शिपायाने उभे राहावे की नाही, यावर आमच्याकडे तासन्‌तास खल होतो. वर्षातल्या उरलेल्या दिवशी त्या तोफेतून काय सुटते, यावर होत नाही. काका दसऱ्याला रांगेत उभे राहत आणि तोफेला सलाम करीत, कारण तोफखान्यात तोफ हेच निशाण असते. त्या सलामाने त्यांची झोप कधी उडाली नाही.

झोप उडाली ती आकड्यांनी. आणि येथे प्राचीन ख्रिस्ती मंडळीला जे सुचले ते आम्हाला सुचत नाही, असे मला खेदाने म्हणावे लागते. चौथ्या शतकातल्या संत बेसिलने युद्धातला वध खुनात गणला नाही, पण असे हात शुद्ध नव्हेत, तेव्हा तीन वर्षे प्रभुभोजनापासून दूर राहण्याचा सल्ला द्यावा, असेही त्याने नमूद करून ठेवले. 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतरची गोष्ट तर याहून बोलकी आहे. जिंकलेला पक्ष आपले युद्ध न्याय्य मानीत होता. तरी नॉर्मंडीच्या बिशपांनी, पोपच्या वकिलाच्या शिक्कामोर्तबासह, आपल्याच विजयी सैनिकांना प्रायश्चित्त फर्मावले. ठार मारलेल्या दर माणसामागे एक वर्ष. जखमी केलेला पुढे जगला की मेला हे ठाऊक नसेल तर चाळीस दिवस. आणि धनुर्धाऱ्यांसाठी, म्हणजे ज्यांचा बाण दूरवर जाऊन कोणाला लागला हे त्यांना स्वतःलाही सांगता येणार नव्हते त्यांच्यासाठी, निराळे कलम होते: तीन उपवासकाळांचे प्रायश्चित्त. हे कलम मी काकांना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी ते पुन्हा वाचायला लावले. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या कोणा कारकुनी डोक्याच्या पाद्र्याने तोफखान्यावरच्या माणसाचा विचार तोफा येण्याआधीच करून ठेवला होता.

यात शिक्षा नाही, असे मला वाटते. तुझे युद्ध बरोबर होते, आणि तरीही तुझ्या हातून जे घडले त्याला वजन आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी मानण्याची ती सोय होती. नाशिककराला हे समजावून सांगावे लागू नये. कपालेश्वराच्या देवळात पिंडीपुढे नंदी नाही, त्याचे कारण गंगेवरचे पोरही सांगते: ब्रह्मदेवाचे पाचवे मस्तक छेदल्याचे पातक प्रत्यक्ष महादेवालाही चिकटले, ते फेडण्याचा मार्ग नंदीने दाखवला, रामकुंडात स्नान करून महादेव मुक्त झाले, आणि वाट दाखवणारा गुरू ठरला म्हणून तो सेवकाच्या जागी बसेना. देवालाही जे फेडावे लागते ते तोफेवरच्या हवालदाराने शालीत गुंडाळून घरी न्यावे, अशी आपली अपेक्षा असते.

शालीचे म्हणतो ते खरेच घडलेले आहे. विजयदिनानिमित्त मंडळीने काकांचा सत्कार योजला, शाल आणि श्रीफळ ठरले, भाषणे करणाऱ्यांची नावे ठरली. तेव्हा काकांनी चिटणिसांकडे लेखी अर्ज दिला की सत्कार रद्द करावा, आणि त्याऐवजी त्या दिवशीच्या प्रार्थनेत, आपण टाकलेल्या गोळ्यांनी मेलेल्या पलीकडच्या माणसांसाठी, त्यांची नावे ठाऊक नसली तरी, मध्यस्थीची दोन वाक्ये घालावीत. अर्ज कमिटीपुढे आला. एका सभासदाने विचारले की ती माणसे आपल्या मंडळीतली तर नव्हेतच, आपल्या धर्मातली नव्हेत, आपल्या देशातली नव्हेत, मग आपल्या वेदीवरून त्यांच्यासाठी प्रार्थना कोणत्या नियमाने? काकांना अर्जदार म्हणून बोलावले होते. ते उभे राहून म्हणाले, “मल्ख तरी कुठे शिष्यांपैकी होता? धरायला आलेल्यांतलाच होता ना? पेत्रानं कान तोडला, आणि प्रभूनं तो बरा केला, तेही अटक होत असताना. मला तर कुणाचा कान सापडतही नाही, साहेब. म्हणून अर्ज केला.”

यावर पाळकसाहेबांनी दीड मिनिट काही न बोलता कागद चाळले. मग कोणीतरी घटनेतल्या तरतुदीचा मुद्दा काढला, कोणी वेळेचा, आणि सत्काराचा कार्यक्रम तूर्त स्थगित करून अर्जाचा विचार पुढील मासिक सभेपर्यंत तहकूब करण्यात आला. तहकुबीच्या ठरावाला मी विरोध नोंदवला आहे, आणि काकांच्या अर्जाखाली अनुमोदक म्हणून माझी सही आहे. दुसरी सही देवळालीहून बदली होऊन चाललेल्या एका तरुण सुभेदाराने, रजेवर जाण्यापूर्वी, घाईघाईने केली.