कोऱ्या पानाची भीती

चांदूर बाजारात राहून वेबसाइट बनवायला शिकणारी आमची मुलगी तयार साच्यात पान चटकन उभं करायची. कोरी फाइल उघडली की मात्र हात थांबायचा. ‘‘अम्मी, मला खरं तर काहीच येत नाही. उद्या कामावर कोण घेईल?’’ क्लास सोडायचंच तिच्या मनात होतं.

आम्ही दोघंही शिक्षक. अलिफ-बे गिरवल्याशिवाय हात वळत नाही, हे रोज पाहतो. म्हटलं, साचा बाजूला ठेव. नोटपॅडमध्ये शीरखुर्म्याची कृती उर्दू-मराठीत लिही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये एचटीएमएलची माहिती जाहीर केली, तेव्हा त्यात वीसहून कमी टॅग होते. तेवढ्यावरही पान उभं राहत होतं.

मराठी नीट उमटली. उर्दू मात्र डावीकडे चिकटली आणि ओळीअखेरचं उद्गारचिन्ह उजव्या टोकाला, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसलं. शोधता शोधता तिला कारण सापडलं: परिच्छेदाच्या टॅगमध्ये ‘डीआयआर’पुढे ‘आरटीएल’, म्हणजे उजवीकडून डावीकडे, असं सांगावं लागतं. एक शब्द घातला नि ओळ जागेवर आली. चूक का झाली आणि कशी सुटली, हे तिला आता सांगता येत होतं. क्लास सुटला नाही.

शिकणाऱ्या मुलामुलींना आमचं सांगणं एवढंच: रोज एक छोटं पान कोऱ्या फाइलीतून लिहा. एकेक ओळ काढून काय बिघडतं ते पाहा. सगळं पाठ असायला हवं असं नाही. अडलं तर खुशाल पुस्तक उघडा. साचे पुढे जरूर वापरा, पण आत काय लिहिलंय ते वाचता आलं पाहिजे.