पंगतींतील पहिला घास

आज आम्ही एका घरगुती चुकीची हकीकत सांगणार आहों. चूक सर्वस्वीं आमची होती. तिचा दोष मात्र एका रात्रीपुरता दुसऱ्याच्याच माथीं बसला.

आमच्या घरांत माणसें अकरा. मातोश्रींचीं औषधें दिवसांतून चार वेळां द्यावयाचीं असतात आणि तीं ज्याला सवड असेल त्यानें द्यावीं अशी वहिवाट आहे. कोणाची चूक होऊं नये म्हणून आम्हीं माजघराच्या भिंतीवर एक पडदा लावून त्यावर उरलेल्या औषधांचा आकडा मोठ्या अक्षरांत दिसेल अशी योजना केली. एका सायंकाळीं पडद्यावर शून्य होतें. धाकट्या भावजयीनें तें पाहिलें आणि कोणीतरी गोळी दिली असें समजून ती स्वयंपाकाला लागली. रात्रीं मातोश्रींनीं गोळीची चौकशी केली, तेव्हां सर्वांचा रोख तिच्याकडे वळला. "पडद्यावर शून्य होतें, भावोजी," एवढेंच ती म्हणाली. डॉक्टरांस दूरध्वनीवरून विचारून पुढची व्यवस्था केली. सुदैवानें अपाय झाला नाहीं. आम्हांस मात्र झोंप आली नाहीं.

पडद्याचा मजकूर आम्हीं 'क्यूएमएल' भाषेंत लिहिला होता. 'क्यूट' या साहित्यसंचाच्या ४.७ आवृत्तीबरोबर २०१० सालीं ही भाषा आली. तींत अमुक करा, मग तमुक करा, असें सांगावयाचें नसतें. पडद्यावर काय असावें आणि कशाचा कशाशीं संबंध असावा, एवढेंच लिहावयाचें. हा चौकोन त्या चौकोनाच्या निम्म्या रुंदीचा, हा आकडा त्या यादीच्या लांबीइतका. अशा संबंधास 'बाइंडिंग' म्हणतात. मूळ गोष्ट बदलली कीं तिच्यावर अवलंबून असलेली आपोआप बदलते. ओळी एकीखालीं एक लिहिलेल्या दिसतात, म्हणून वरची आधीं घडेल असें आपण समजतों. भाषेनें तसें वचन दिलेलें नाहीं.

पंगतीचें उदाहरण घेऊं. सर्व पानें वाढून झालीं म्हणजे यजमान "सावकाश होऊं द्या" म्हणतात. त्यापूर्वीं कोणी घास घेत नाहीं. क्यूएमएलमध्येंही सर्व भागांची जुळणी पुरी झाल्यावर 'ऑनकम्प्लीटेड' ही सूचना भागांस मिळते. परंतु पहिला घास कोणी घ्यावा हें ठरलेलें नसतें. या सूचनांचा क्रम निश्चित नाहीं, असें त्या भाषेच्या अधिकृत माहितींतच स्पष्ट लिहिलें आहे.

आम्हीं यादीला ही सूचना मिळतांच फाइलींतून औषधें वाचण्यास सांगितलें होतें, आणि आकड्याला हीच सूचना मिळतांच यादी मोजण्यास. कित्येक महिने यादी आधीं जेवली, आकडा मागून; त्या योगायोगालाच आम्ही नियम समजलों. त्या दुपारीं पडद्यावर घड्याळ बसविण्यासाठीं भागांची मांडणी हलविली आणि क्रम उलटला. आकड्यानें रिकामी यादी मोजली, शून्य लिहिलें आणि पुन्हां मागें वळून पाहिलें नाहीं.

भाग वरखालीं करून काम भागलें असतें. परंतु तो दुसरा योगायोग झाला असता. आम्हीं ती मोजणीच काढून टाकली आणि आकडा बाइंडिंगनें यादीशीं बांधला. आतां यादी केव्हांही भरो, आकडा तिच्यामागून येतो. तरीही, फाइल वाचतांच आली नाहीं तर? म्हणून 'तयार' नांवाचा एक गुणधर्म ठेविला. यादी पुरी वाचून झाली म्हणजेच तो 'होय' होतो. तोंवर आकड्याच्या जागीं 'यादी अजून आलेली नाहीं' असें दिसतें. कांहीं उरलें नाहीं आणि कांहीं ठाऊक नाहीं, या दोन गोष्टी एका शून्यांत मावत नाहींत.

दुसऱ्या दिवशीं हें सर्व आम्हीं घरांतील मंडळींदेखत भावजयीस सांगितलें आणि तिची क्षमा मागितली. तिनें पडद्याकडे पाहिलें आणि हंसत विचारलें, "भावोजी, काल मला बोल लावलात, तेव्हां तुमची तरी यादी वाचून झाली होती कां?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.