शिष्यवृत्तीचा वर्ग आणि रात्रीचा अभ्यास

शाळेच्या कार्यालयाबाहेरील फलकावर शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांची नावे ओळीने लिहिलेली आहेत. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या नावांचा गौरव होईल आणि तो व्हायलाच हवा. आम्ही माजी विद्यार्थी मात्र त्या नावांमागच्या वर्गाविषयी लिहू इच्छितो. आमच्यापैकी काहींची नावे फलकावर आहेत, काहींची नाहीत, आणि काही जण तर त्या वर्गासाठी निवडलेच गेले नव्हते. तरीही हे लेखन आम्ही सर्वांच्या वतीने करीत आहोत, कारण त्या वर्गाचा लाभ आम्हां सर्वांना झाला.

आमच्या वेळी शिष्यवृत्ती परीक्षा चौथी व सातवीला असे. 2016-17 पासून ती पाचवी व आठवीला होऊ लागली. तिसरीचे वर्ष संपताच शाळेत एक चाचणी होई आणि तीतून वीस-बावीस मुले निवडली जात. सकाळची वंदना आटोपली की न्याहारीपूर्वी त्यांचा जादा तास भरे. सांकेतिक भाषा, आरशातील प्रतिमा, दिनदर्शिका, गटात न बसणारे पद अशा प्रश्नांनी दिवस उजाडे. बाकीची मुले त्या वेळी आवार झाडीत असत किंवा पाणी भरीत असत. नऊ वर्षांच्या वयात झालेली ही विभागणी लहान नव्हती, हे आज जाणवते.

आमचे पालक भोसरी, तळवडे, चाकण येथील कारखान्यांत कंत्राटी कामगार होते. कोणी बांधकामावर मजूर, कोणी भाजीची हातगाडी लावणारे. आमच्यातला एक जण सुट्टीत आईच्या हातगाडीवर बसून पाऊण किलो, सव्वा किलोचे हिशेब तोंडी करीत असे. निवड-चाचणीत मात्र ‘एका व्यापाऱ्याने शेकडा दहा नफ्याने’ असे वाक्य आले की तो अडखळे. गणित त्याच्या ओळखीचे होते, परके होते ते वाक्य. त्याची निवड झाली नाही.

चाचणीची ही मर्यादा जगाने मोठ्या प्रमाणावर अनुभवली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी 1921 मध्ये कॅलिफोर्नियातील तल्लख मुलांचा दीर्घ अभ्यास हाती घेतला. बुद्ध्यंक कमी भरल्यामुळे ज्यांना त्यात स्थान मिळाले नाही, त्यांत विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ ही दोन मुले होती. पुढे 1956 मध्ये शॉकली यांना आणि 1968 मध्ये अल्वारेझ यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून चाचण्याच नकोत असे आम्ही म्हणणार नाही. चाचणीमुळेच आमच्यातल्या कित्येकांकडे प्रथम कोणाचे तरी लक्ष गेले. पण चाळणीतून जे खाली गळते, त्याचे पुढे काय करायचे हा प्रश्न उरतोच.

आपल्या शाळेने त्यावर एक साधा नियम केला होता. सकाळच्या तासाला जे शिकलात, ते रात्रीच्या अभ्यासात आपल्या खोलीतल्या मुलांना सांगायचे. प्रारंभी निवडलेल्या मुलांना हा जाच वाटे. परंतु दुसऱ्याला समजावताना आपलेच अपुरे आकलन उघडे पडते, हे लवकरच ध्यानी आले. हातगाडीवरचा तो मित्र शेकडेवारीचे उदाहरण ऐकून घेई, मग ते वांग्या-बटाट्यांच्या भावात मांडून सोडवी. त्याची रीत दुसऱ्या दिवशी सकाळच्या वर्गात फळ्यावर जाई. शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हे रात्री नऊनंतर सांगणे कठीण असे.

त्या वर्गात केवळ प्रश्नपत्रिका सोडविल्या जात नव्हत्या. काठीची आणि पाण्याच्या टाकीची सावली एकाच वेळी मोजून आम्ही टाकीची उंची काढली. एकदा लेथवर काम करणारे एक पालक व्हर्निअर कॅलिपर घेऊन आले आणि त्यांनी मिलिमीटरचा पन्नासावा भाग कसा वाचायचा ते दाखविले. ज्या वडिलांना आपण अल्पशिक्षित समजत होतो, ते रोज एवढे सूक्ष्म मोजमाप करतात हे त्यांच्या मुलाने त्या दिवशी प्रथम पाहिले. त्यानंतर दशांश चिन्हाची भीती आम्हांपैकी कोणालाच उरली नाही.

या विषयावरचे दीर्घ काम आपल्या शेजारीच झाले आहे. डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली; बुद्धिमान विद्यार्थ्यांना त्यांच्या शाळेच्या जोडीने पूरक शिक्षण द्यावे, येथून तिचा आरंभ झाला. 1969 मध्ये तिची प्रशाला सुरू झाली. निगडीचे नवनगर विद्यालय त्याच परंपरेतले. बुद्धीला समाजपरिवर्तनाची प्रेरणा मिळावी, हे त्या संस्थेचे ध्येय आहे. आपल्या वसतिगृहातल्या मुलांना तोच विचार बाबासाहेबांच्या चरित्रातून भेटला. 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांनीच 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. एकाला मिळालेली शिष्यवृत्ती हजारोंच्या शिक्षणात कशी रूपांतरित होते, याचे याहून थोर उदाहरण आम्हांला माहीत नाही.

आज परिस्थिती बदलली आहे. निवडलेल्या मुलांना रात्रीच्या अभ्यासातून मोकळे करावे, त्या वेळात अधिक सराव-पत्रिका द्याव्यात, अशी पालकांची मागणी आमच्या कानी येते. त्यामागची तळमळ आम्ही जाणतो. पोटाला चिमटा घेऊन शिकविणाऱ्याला एकेक गुण मोलाचा वाटतो. तरीही आमची नम्र विनंती आहे की वर्ग अवश्य चालवावा, पण त्याचे दार वर्षभर उघडे ठेवावे. निवड वर्षातून एकदाच न होता पुन्हा पुन्हा व्हावी. प्रयोग आणि भेटी सर्व मुलांसाठी असाव्यात. आणि रात्रीचा नियम मोडू नये. शेवटी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. हातगाडीवरचा आमचा तो मित्र आज चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभाग सांभाळतो. फलकावर त्याचे नाव नाही. या लेखाचा मसुदा वाचून त्याने आकडे तपासून दिले आणि स्वतःचे नाव येथेही छापू नये, असे सांगितले.