पागलखाना चौक

१८६४ मध्ये नागपुरात ‘लुनॅटिक असायलम’ सुरू झाले. मध्य प्रांत स्थापन होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. १९२० नंतर पाटीवरचा असायलम शब्द जाऊन मेंटल हॉस्पिटल आले. आज पाटीवर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मध्य प्रांत राहिलेला नाही. ऑटोवाले अजून पागलखाना चौक म्हणतात.

असायलमच्या वार्षिक अहवालात वेडाच्या कारणांचा तक्ता असे. त्यात गांजाचा रकाना होता. १८९३-९४ मध्ये गांजा-भांग आयोगाने देशभरच्या असायलमांतले असे कागद तपासले. रुग्णाला आणणारा पोलीस पुष्कळदा चौकशी न करताच कारण लिहून देई, कारकून ते उतरवून घेई. तो तक्ता आता छापला जात नाही.

१८९२ मध्ये सूफी संत ताजुद्दीन बाबांना इथे आणले. सोळा वर्षे ते आत होते. लोक दर्शनासाठी असायलमच्या दारात येत. १९०८ मध्ये नागपूरच्या राजघराण्यातले रघुजीराव भोसले जामीन राहिले आणि बाबा बाहेर आले. आता दर्शनाची गर्दी त्यांच्या दर्ग्यात, ताजबागेत असते.

१९०८ मध्येच बर्लिनमध्ये डॉ. ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनिया हा शब्द पहिल्यांदा वापरला. तोवर या आजाराला ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ म्हणत. म्हणजे तरुणपणी आलेला बुद्धिनाश. ते नाव एकेक करत सगळ्या पुस्तकांतून निघाले.

रुग्णाला शांत करणारी ब्रोमाइडची औषधे आता नाहीत. पॅराल्डिहाइडही नाही. त्याचा उग्र दर्प रुग्णाच्या श्वासाला येई.

१९३० च्या दशकात इन्सुलिनचा उपचार आला. सकाळी उपाशीपोटी इंजेक्शन देत. रुग्ण बेशुद्धीत जाई. ठरल्या वेळी नाकातल्या नळीने साखरेचे पाणी पोटात सोडत. काही जण शुद्धीवर येत नसत. साठच्या दशकात हा उपचार मागे पडला.

१९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि रक्तदाबावर सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग लिहिला. १९५२ मध्ये मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले गेले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये मनोरुग्णांना क्लोरप्रोमाझिन देऊ लागले. रेसर्पिन घेणारे काही जण खोल उदास होत. त्या उदासीचा माग काढत नैराश्याचे संशोधन मेंदूतल्या रसायनांपाशी पोचले. पुढे रेसर्पिन मनोरुग्णांना देणे थांबले.

मनोरुग्णांविषयीच्या १९१२ च्या कायद्यात माणूस ‘लुनॅटिक’ होता. १९८७ च्या कायद्याने तो शब्द काढला.

२००१ मध्ये तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्ण ठेवलेल्या एका जागेला आग लागली. २८ मनोरुग्ण गेले. ते साखळ्यांनी बांधलेले होते. २०१७ च्या कायद्याने साखळी बंद केली. भूल न देता शॉक देणेही बंद केले.

१९०६ मध्ये डॉ. आल्झायमर यांनी ५५ व्या वर्षी वारलेल्या एका बाईचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आज स्मृतिभ्रंशाचे निदान म्हणून त्यांचे नाव नागपुरातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर असते. म्हातारचळ हा शब्द घरांत कमी ऐकू येतो. साठी बुद्धी नाठी, असे म्हणून विषय संपवणारी माणसेही कमी झाली.

महाल, इतवारीत वाडे होते. वाट चुकलेल्या आजोबांना गल्लीतले कोणीही ओळखे आणि हात धरून दारात आणून सोडे. वाड्यांच्या जागी अपार्टमेंट झाली. आता आजोबांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवतात.

पूर्वी मनोरुग्णालयातून रुग्णाला घरी सोडायचे तर कोणी तरी न्यायला यावे लागे, सही करावी लागे. आता स्वतःहून दाखल झालेला रुग्ण स्वतःच्या सहीने बाहेर पडू शकतो.

२०१९ च्या देशव्यापी पाहणीत सरकारी मनोरुग्णालयांतले ३६ टक्के रुग्ण वर्षाहून जास्त काळ आत असल्याचे आढळले. बऱ्या झालेल्यांच्या घरी पत्रे जातात. काही परत येतात. कुठे आई गेलेली असते. कुठे घर विकलेले असते. काही केसपेपरांवर फक्त गावाचे नाव असते, रुग्णाने उच्चारले तसे लिहिलेले. ते गाव पोस्टाला सापडत नाही.