इनामदार

कॅनडातल्या टोरोंटोजवळच्या ओकव्हिलची डंडास स्ट्रीटच्या उत्तरेला जी नवी वस्ती वाढली आहे, तिथल्या गाड्यांना आवाज उरलेला नाही. समोरच्यांची टेस्ला कधी गेली आणि कधी आली, हे पडद्याआडून बघणाऱ्यालाही कळत नाही. आमचे इनामदार मात्र सकाळी आधी खाकरतात, मग घसा साफ करतात, मग जरा वेळ जागच्या जागी गुरगुरतात, आणि मग सगळ्या गल्लीला कळतं की आमच्याकडचं दूध संपलंय.

कागदोपत्री ते २००६ ची टोयोटा फोररनर आहेत. पेट्रोलवरचं ४.७ लिटरचं आठ सिलिंडरी इंजिन, खाली ट्रकला असते तशा घडणीची पोलादी चॅसी आणि कायमचा फोर व्हील ड्राइव्ह. नाव आईनं ठेवलं. ती साताऱ्याहून पहिल्यांदा आली तेव्हा पेट्रोल पंपावर काच खाली करून आकड्यांकडे बघत बसली होती. आकडे काही थांबेनात. "हे तर इनामदार निघाले रे तुझे," ती म्हणाली. "जमीन गेली, वाडा गेला, पण ताटात तुपाची धार हवीच." तेव्हापासून घरात त्यांचा उल्लेख कुणी एकेरीत करत नाही.

तर आधी तुपाचं. टाकी ८७ लिटरची. इथे पेट्रोलचा भाव सेंटमध्ये लिहितात आणि शेवटी दशांशाचा नऊ चिकटवतात. १३९.९ लिहिलं की घेणाऱ्याला एकशेचाळीस वाटू नये, एवढाच हेतू. डॅन मॅकटीग नावाचे एक माजी खासदार उद्याचा भाव आज सांगतात, आणि ओकव्हिलमधली सुखवस्तू माणसंसुद्धा तीन सेंट वाचवायला आदल्या रात्री रांगेत उभी राहतात. एकशेचाळीसच्या भावानं इनामदारांचं एक जेवण सव्वाशे डॉलरच्या आसपास जातं. २०२२ च्या जूनमध्ये भाव दोन डॉलरच्या वर गेला होता. त्या महिन्यात आम्ही ग्रोसरीलासुद्धा हिच्या हायब्रिडमधून जात होतो, आणि इनामदार ड्राइव्हवेत अपमान गिळत उभे होते. एक मात्र त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. एवढे मानी असून साध्या ८७ ऑक्टेनवर त्यांचं भागतं.

हायवेवर शंभर किलोमीटरला बारा-तेरा लिटर, गावात सतरा-अठरा. कंपनी काय म्हणते ते सोडून द्या. ते आकडे प्रयोगशाळेतले. खरी गंमत थंडीत. मुलांची शाळा हाकेच्या अंतरावर. उणे पंधरात गार इंजिनाला जास्तीचं पेट्रोल ओतावं लागतं, आणि ते गरम व्हायच्या आत शाळा येते. म्हणजे प्रवासाचा सगळा पल्ला सर्वांत महाग पेट्रोलवर होतो. मुलांना चालत पाठवा, हा उपाय आम्हालाही ठाऊक आहे. उणे पंधरात तो तुम्ही आमच्या मुलांना सांगून बघा.

१ एप्रिल २०२५ ला पेट्रोलवरचा संघराज्याचा कार्बन कर शून्यावर आला, तेव्हा मित्रमंडळींनी इनामदारांचं अभिनंदन केलं. लिटरमागे १७.६१ सेंटची सूट ती. पण मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वर्षाला दहा हजार किलोमीटर आणि शंभराला पंधरा लिटर धरले, तर पंधराशे लिटर होतात. त्यावरचा हा कर साधारण २६५ डॉलर. आणि याच करापोटी ओन्टारियोतल्या चौघांच्या कुटुंबाला २०२४-२५ मध्ये सरकारकडून परत मिळत होते ११२० डॉलर. घर तापवण्याच्या गॅसवरचा कर मिळवला तरी पारडं आमच्याच बाजूला झुकत होतं. म्हणजे एवढा खादाड गृहस्थ दारात असूनही कर होता तेव्हा आम्ही फायद्यात होतो. कर गेल्याचे पेढे वाटणाऱ्यांपैकी कितीजणांनी हा हिशेब केला असेल, देव जाणे.

आता चार चाकांबद्दल. ओकव्हिलमध्ये फोर व्हील ड्राइव्हची गरज काय, असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर 'फारशी नाही' हेच. बर्फ पडायच्या आधीच नगरपालिकेच्या गाड्या मिठाचं पाणी शिंपडून जातात, आणि सकाळपर्यंत मोठे रस्ते काळेशार असतात. चारही चाकांना जोर मिळाला की गाडी बर्फातून निघते छान. थांबायच्या वेळी मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही. थांबवतो तो टायर. सात अंश सेल्सिअसच्या खाली साध्या टायरचं रबर ताठरतं, म्हणून हिवाळी टायरांचा दुसरा संच, तोही वेगळ्या रिमवर चढवलेला, गॅरेजचा एक कोपरा अडवून बसतो. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर सक्तीचे आहेत. ओन्टारियोत सक्ती नाही, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना त्यावर सवलत द्यावी लागते. ही सवलत टायरच्या किमतीपुढे चिंचोक्यासारखी, पण इनामदारांना मिळणारी ती एकमेव सवलत असल्यामुळे आम्ही ती न चुकता मागतो.

शिवाय चार चाकं ओढायची म्हणजे पंगतही मोठी. इंजिनाचं ऑइल, गिअरबॉक्सचं ऑइल, पुढच्या डिफरेन्शियलचं वेगळं, मागच्याचं वेगळं, मधल्या ट्रान्सफर केसचं आणखी वेगळं. खालच्या लांब शाफ्टना ग्रीसची निपलं आहेत. आजकालच्या गाड्यांना ती नसतात, त्यामुळे तरुण मेकॅनिकला ती सापडतातच असं नाही. पाठीवर सरपटत जाऊन, ग्रीस गनचं तोंड निपलवर दाबून, कडेनं जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारायचा. हे काम मी स्वतः करतो. वर्षभराच्या खर्चात एवढीच एक गोष्ट फुकट आणि समाधानाची आहे. आणि या आठ सिलिंडरी इंजिनाला साखळी नाही, टायमिंग बेल्ट आहे. तो १,४४,००० किलोमीटरला बदलायचा, आणि तेवढं उघडलंच आहे तर त्याच पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंपही सोबत बदलून घ्यायचा. ही हजार-दीड हजार डॉलरची मुंज. ती टाळता येत नाही, पण एकदा झाली की पुष्कळ वर्षं कुणी विचारत नाही.

पण हे सगळं शत्रूपक्षात मोडत नाही. शत्रू एकच, मीठ.

महाराष्ट्रात गाडी पंधरा वर्षांची झाली की आरटीओ जागा होतो. फिटनेस, पुनर्नोंदणी, हरित कर, आणि दर पाच वर्षांनी पुन्हा तेच. इथे सरकारला गाडीच्या वयाशी देणंघेणं नाही. जुन्या गाड्यांच्या धुराची तपासणी करणारा 'ड्राइव्ह क्लीन' कार्यक्रम एप्रिल २०१९ मध्ये बंद झाला. नंबरप्लेटच्या स्टिकरला दक्षिण ओन्टारियोत वर्षाला १२० डॉलर पडायचे, तेही मार्च २०२२ पासून माफ. गाडी किती जगणार, हा निर्णय सरकारनं मिठावर सोपवला आहे. चॅसीचे दांडे आतून पोकळ असतात. रस्त्यावरचा खारट चिखल भोकांतून आत जातो आणि तिथेच मुक्काम करतो. कडाक्याच्या थंडीत तो गोठलेला असतो, तोवर फारसं बिघडत नाही. गाडी उबदार गॅरेजमध्ये घेतली की मीठ ओलं होतं आणि कामाला लागतं. म्हणून इनामदार हिवाळाभर बाहेर झोपतात. पाहुण्यांना वाटतं आम्ही म्हाताऱ्याला वाऱ्यावर सोडलंय.

दर शरदात त्यांना तेल लावतात. खरोखरच लावतात. स्पीअर्स रोडच्या आसपास गॅरेजांची रांग आहे, तिथे गाडी वर उचलून दारांच्या पोकळीत, चॅसीच्या आत, ब्रेकच्या नळ्यांवर पातळ तेलाचा फवारा मारून देतात. दीडशे डॉलरच्या पुढेमागे खर्च. त्यानंतर दोन-तीन दिवस गाडी ठिबकत राहते. ओकव्हिलमधली माणसं ड्राइव्हवेच्या फरशीला दिवाणखान्याइतकं जपतात, तेव्हा खाली फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे पसरायचे, हे ओघानं आलं.

पुढचं दृश्य मला दरवर्षी बघावंसं वाटतं. तेलाचा फवारा मारण्याआधी आमचा मेकॅनिक हातात छोटी हातोडी घेतो आणि लिफ्टखाली उभा राहून चॅसी ठोकत जातो. पुढच्या चाकापासून सुरुवात. टण्. टण्. टण्. बोलत नाही, ऐकतो. मागच्या चाकाच्या वर चॅसी वळते, तिथे चिखल साठतो, तिथे त्याचा हात सावकाश होतो. टण् आलं तर पोलाद शाबूत आहे. 'थप्' आलं तर गंजाच्या पापुद्र्यामागे काही उरलेलं नाही, आणि मग वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीवर जातो. अजून टण् येतं. पण ब्रेकच्या कॅलिपरच्या पिना जॅम होतात, एक्झॉस्टचे बोल्ट खोलायला गेलं की मुंडकं हातात येतं. दहा डॉलरचा बोल्ट जाळून काढायला एक तास, आणि तासाचा दर सव्वाशेपासून पावणेदोनशेपर्यंत काहीही. जुन्या गाडीचं बिल नीट वाचलं तर सुट्या भागांचे पैसे थोडे आणि गंजाशी झालेल्या कुस्तीचे पैसे जास्त, असंच दिसतं.

विम्याच्या बाबतीत मात्र वय कामाला आलं. गेल्या काही वर्षांत टोरोंटोच्या आसपास गाड्या इतक्या चोरीला गेल्या की लोकांनी ड्राइव्हवेत खाली-वर होणारे लोखंडी खांब बसवून घेतले. चोरांना नव्या, बटणावर चालू होणाऱ्या गाड्या हव्या असतात. चावीचा सिग्नल घरातून पकडला की दोन मिनिटांत गाडी पसार. इनामदारांना अजून धातूची चावी फिरवून उठवावं लागतं, त्यामुळे ते खांबांशिवाय निर्धास्त झोपतात. स्वतःच्या चुकीनं झालेल्या नुकसानीची भरपाई देणारा विमा आम्ही काढून टाकला, कारण भरपाई गाडीच्या बाजारभावाइतकीच मिळणार, आणि तो भाव सांगायची सोय नाही. फक्त एका गोष्टीची धास्ती असते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, आणि गाडी उंच असल्यामुळे चोराला जॅकसुद्धा लावावा लागत नाही, नुसतं सरकून जायचं. वाडा पडका असला तरी पुरलेल्या मोहरांची वदंता असतेच.

आता एकूण. पंधराशे लिटर पेट्रोलचे २१०० डॉलर. दुरुस्तीसाठी दोन हजार बाजूला ठेवायचे. एखाद्या वर्षी पाचशेत भागतं, एखाद्या वर्षी चार हजार जातात. आमचा विमा अठराशे. टायरांची झीज आणि तेलाचा फवारा मिळून पाचशे. झाले ६४०० डॉलर. इथलं आयकर खातं नोकरीच्या कामासाठी स्वतःची गाडी वापरणाऱ्याला २०२५ साठी पहिल्या पाच हजार किलोमीटरला ७२ सेंट आणि पुढे ६६ सेंट हा वाजवी भत्ता मानतं. दहा हजार किलोमीटरचे ते ६९०० होतात. म्हणजे सरकारी मापानं इनामदार उधळे ठरत नाहीत. नवी गाडी घ्यायची तर पंचेचाळीस हजारांचं कर्ज, सहा टक्के व्याज, सहा वर्षं. महिना ७४६ डॉलर, वर्षाला नऊ हजारांच्या जवळ, आणि त्यात अजून पेट्रोलचा थेंब नाही की विमा नाही. पेट्रोलमधली बचत खरी आहे. हायब्रिडला त्याच अंतराला सहाशे लिटर पुरतात, म्हणजे साडेबाराशे डॉलर वाचतात. पण ते वाचवायला नऊ हजार घालायचे, या व्यवहाराला आमच्याकडे वेगळा शब्द आहे.

तेव्हा शेजारचे कोल्हापूरकर काका "अहो, काढून टाका आता हे धूड" म्हणतात, त्यांना मी फोर्डचा कारखाना दाखवतो. १९५३ साली ओकव्हिलमध्ये सुरू झालेला हा कारखाना विजेच्या गाड्यांसाठी बदलायचं ठरलं होतं. मग ते पुढे ढकललं, आणि जुलै २०२४ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की इथे सुपर ड्यूटी ट्रक बनतील. पेट्रोलचा अंत जवळ आल्याचं आमच्या गावात तरी फार घाईनं सांगू नये.

आणि गणपती असतातच. फोररनरची मागची काच बटण दाबलं की दारात उतरते. मखराचा कळस तिथून दोन फूट बाहेर काढता येतो. दुसऱ्या कुठल्या गाडीत तो मावत नाही. अशा वेळी पुढच्या काचाही उघड्या ठेवायच्या, नाहीतर एक्झॉस्टचा धूर मागून आत ओढला जातो. मिसिसागाला मंडळाच्या हॉलवर पोचेपर्यंत सगळे गारठलेले असतात, मखर शाबूत असतं, आणि इनामदारांना वर्षातला खरा मान मिळालेला असतो.

तुम्हाला असं काही दारात बांधायचं असेल तर हिशेब सोपा आहे. रोज टोरोंटोला जायचं असेल तर नको. ओकव्हिल स्टेशनवरून गो ट्रेन धरा. वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटरच्या आत चालवणार असाल, दुरुस्तीचे दोन हजार आधी बाजूला काढणार असाल, तर जरूर घ्या. बघायला जाल तेव्हा सीट, रंग आणि किलोमीटर नंतर बघा. ओन्टारियोत गाडी नावावर करताना लागणारं सेफ्टी सर्टिफिकेट ३६ दिवसच चालतं. गंज त्याहून जास्त दिवस चालतो. आधी गाडी लिफ्टवर घ्यायला लावा आणि हातोडी मागा. विकणारा नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा.