सायकल आणि वाटेची माती

परवा नात शाळेतून आली ती सायकल ओढत. मागचे चाक मडगार्डात चिखलाने गच्च झालेले, चपला हातात. “आबा, सायकल बिघडली,” म्हणाली. सायकल बिघडली नव्हती, वाट निवडायला ती चुकली होती. हीच चूक मी एकदा केली आणि ती फार महागात पडता पडता राहिली. म्हणून हे चार शब्द.

माझा जन्म वरोऱ्याकडचा. १९७९ साली मास्तरकी लागली ती वैनगंगेपलीकडे, आरमोरीच्या बाजूला. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. श्रावणात एका पहाटे आमचा दीड वर्षाचा मुलगा तापाने फणफणला. त्याला घेऊन पत्नी कॅरिअरवर बसली आणि आम्ही डॉक्टरकडे निघालो. टेकाडावरून जाणारी मुरमाची वाट लांबची, बांध्यांमधून जाणारी जवळची. मी जवळची धरली. पाऊस थांबून उघडीप पडली होती, तेवढ्यावर भुललो.

शंभर पावलांत चाके बसली. काडीने चिखल काढावा, दहा पावले जावे, पुन्हा तेच. मूल रडायचेही थांबले, तेव्हा माझे हातपाय गळाले. धुऱ्यावर पाणी पाहायला आलेला एक म्हातारा शेतकरी धावत आला. “मास्तर, कन्हारीतून सायकल नेते का कोणी?” म्हणाला. त्याने मुलाला खांद्यावर घेतले आणि आम्हाला चढावरून मुरमाच्या वाटेला लावले. सायकल तिथेच पडून राहिली. डॉक्टर वेळेवर भेटले. तेच मूल आज या नातीचे वडील.

पुढे त्या म्हाताऱ्याकडूनच मी वाटा शिकलो. आपल्याकडे माती उतारागणिक बदलते. वर बरडी आणि मुरूम, मध्ये सिहार, मोरंड, आणि खोलगटात काळी कन्हार. मुरमातून पाणी झिरपून जाते, म्हणून पावसानंतर ती वाट लवकर चालती होते. कन्हारीची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि ते लवकर सोडत नाही. गंमत अशी, की भर पावसापेक्षा पाऊस उघडल्यावर, माती अर्धवट वाळताना ती जास्त चिकटते. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि पुढचे चाक भेगेत अडकते.

मुरूमही नेहमीच मित्र नाही. उन्हाळ्यात उतारावर सुटे खडे चाकाखाली गोट्यांसारखे फिरतात. तिथे पुढचा ब्रेक एकदम दाबला की माणूस तोंडावर पडलाच. उताराआधीच वेग कमी करावा. नाल्याच्या वाळूत थोडी हवा सोडली तर चाक कमी रुतते, पण पुढे दगडाची वाट लागताच हवा भरावी, नाहीतर ट्यूब रिमखाली चेपून फाटते. सागाची पानगळ झाली की पानांखालचा दगड दिसत नाही. दाट झाडीतली वाट उघड्या वाटेपेक्षा उशिरा वाळते. आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल तर सायकल असो की बैलगाडी, थांबावे. भामरागडला पर्लकोटेचा पूर पुलावर आला की अख्ख्या गावाला वाट पाहावी लागते, तिथे आपली काय घाई!

आणखी एक गोष्ट उशिरा उमगली. ओल्या वाटेवरून गेलेले प्रत्येक चाक चाकोरी खोल करते. त्या चाकोरीतून पाणी धावते, माती वाहून नेते आणि पुढच्या वर्षी वाटेचा नाला होतो. म्हणून आमच्या गावात मृगाआधी दोन दिवस आम्ही उताराच्या वाटेवर जागोजागी तिरप्या नाल्या खणतो. पाणी बाजूच्या झाडीत किंवा बोडीत उतरते. फावडी, कुदळी आणि वीस-पंचवीस माणसे, एवढाच खर्च.

आज मुलांच्या हाती गिअरच्या सायकली आल्या, डांबरी सडका आल्या. पण शाळेची पांदण तीच आणि तिची मातीही तीच. नातीला मी दोनच गोष्टी बजावल्या. पावसात लांबची वाट धरायची, आणि दिवस बुडायच्या आत मैत्रिणींसोबत घरी यायचे, कारण आपल्या रानात वाघही त्याच वाटेने चालतो.

“लांबच्या वाटेने उशीर होतो,” ती म्हणाली. मी तिच्या वडिलांकडे बोट दाखवले आणि त्या पहाटेची हकीकत सांगायला बसलो.