लेहमधले घर

लेहला दोन खोल्या घ्याव्यात, असे आमच्या आयुष्मतींच्या मनाने घेतले. हिंगोलीचा मे महिना सोसवत नाही, आणि तिकडे बुद्धविहारे जागोजागी! मीही पीएफचा हिशेब मांडला. (कारकुनाला दुसरे काय येते?)

गेल्या जूनमध्ये आम्ही गेलो. सुमारे ३५०० मीटर उंचीवरचे ते थंड वाळवंट. पाऊस नाममात्र, शेती वितळत्या बर्फाच्या पाण्यावर. उतरलो त्या घरच्या आजींनी लोण्याचा खारट चहा दिला. हिने जमिनीचा भाव विचारला. आजी हिंदीत म्हणाल्या, "राहायला केव्हाही या. जमिनीचं विचारू नका."

२०१९ पूर्वी बाहेरच्याला तिथे जमीन घेता येत नसे. कलम ३७० गेले आणि जमीन हातची जाईल ही धास्ती बसली. म्हणून ती माणसे बाबासाहेबांच्या संविधानातील सहावी अनुसूची मागू लागली.

मला आजोबा आठवले. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात ते तुरुंगात गेले होते. त्यांनी कसलेले दोन एकर गायरान अजून आमच्या नावावर नाही.

"अहो, तो हिशेबाचा कागद द्या," ही म्हणाली. त्याच्या पाठीवर तिने आजींकडून चहाची कृती लिहून घेतली.